घरगुती कचऱ्याचे वर्गीकरण : नियम आणि त्यामागील कारणे

खेड्यातील शेतकरी कुटुंबाच्या परसदारी उकिरडा असे. गोठ्यातील शेणमूत, चुलीतील राख, भाजीपाल्याचे देठ, पालापाचोळा हे सारे त्यात पडे आणि मृगापूर्वी त्याचे खत होऊन शेतात जाई. 'बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो' ही म्हण ज्या समाजात रूढ झाली, त्या समाजाला कचऱ्याचे मोल कळत नव्हते असे म्हणता येणार नाही. ही व्यवस्था कोणत्याही नियमावाचून पिढ्यानपिढ्या चालली, कारण त्या उकिरड्यात न कुजणारी वस्तू जवळजवळ पडतच नसे. फुटका काचेचा तुकडा किंवा गंजलेला पत्रा क्वचित सापडे. तोही बाजूला काढून ठेवला जाई.

आज शहरातील एका घराच्या एका दिवसाच्या कचऱ्यात भाजीची देठे, उरलेला भात, दुधाच्या पिशव्या, बिस्किटांची चकचकीत वेष्टने, लहान मुलांची लंगोटे, निकामी झालेले विजेऱ्यांचे सेल आणि मुदत संपलेल्या गोळ्या हे सर्व एकत्र सापडते. आपल्या शहरांतील कचऱ्याचा साधारण निम्मा भाग अजूनही कुजणारा, म्हणजे खत होण्याजोगा असतो. उरलेल्यातील बराच भाग कारखान्यात पुन्हा वापरता येतो. तरीही हे दोन भाग एकाच बादलीत पडले की दोघांचेही मोल जाते. ओल्या भाताने माखलेला कागद रद्दीवाला घेत नाही आणि काचेचे तुकडे व सेल मिसळलेले खत शेतकरी घेत नाही. वेगळे करण्याचे हे काम स्वयंपाकघरात काही क्षणांचे असते. तेच काम गाडीत दाबला गेलेला टनावारी कचरा डेपोवर पोहोचल्यानंतर कितीही यंत्रे लावली तरी पुरतेपणी साधत नाही. घरगुती कचऱ्यासंबंधीच्या सर्व नियमांचा पाया या एका साध्या वस्तुस्थितीवर उभा आहे.

एकत्र कचऱ्याचे पुढे काय होते

कचऱ्याचा ढीग उंच वाढला की त्याच्या पोटात हवा पोहोचत नाही. हवेवाचून कुजणाऱ्या पदार्थांतून मिथेन वायू निघतो. तो ज्वालाग्राही असतो आणि शंभर वर्षांच्या हिशेबाने वातावरण तापविण्याची त्याची शक्ती कार्बन डाय-ऑक्साईडच्या पंचवीसपटींहून अधिक मानली जाते. प्लॅस्टिक व कागद त्याच ढिगात असल्याने एकदा आग लागली की ती आतल्या आत दिवसेंदिवस धुमसत राहते. मुंबईच्या देवनार येथील क्षेपणभूमीला २०१६ च्या जानेवारीत लागलेल्या आगीचा धूर उपनगरांवर कित्येक दिवस पसरून राहिला होता, हे अनेकांच्या स्मरणात असेल. दुसरीकडे, ओल्या पदार्थांतून पाझरणारे काळे पाणी, ज्याला तज्ज्ञ 'लीचेट' म्हणतात, ते सेल, रंग आणि औषधे यांतील घातक द्रव्ये विरघळवून घेत जमिनीत उतरते व आसपासच्या विहिरींना जाऊन मिळते.

या सर्वाची झळ कोणाला पोहोचते, याचे उत्तर पुण्याजवळच्या सासवड रस्त्यावर मिळते. उरुळी देवाची व फुरसुंगी या गावांच्या शिवारातील जुन्या दगडखाणीच्या जागेवर १९८० च्या दशकाच्या आरंभापासून पुणे शहराचा कचरा पडू लागला. पुढे हा डेपो सुमारे १६३ एकरांवर पसरला. विहिरींचे पाणी बिघडले, गावांना टँकरने पाणी पुरवावे लागले आणि दुर्गंधी व माश्या हा तेथील नित्याचा संसार झाला. ग्रामस्थांनी वेळोवेळी आंदोलने केली. २०१७ च्या एप्रिलमध्ये डेपोला मोठी आग लागली, तेव्हा त्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडविल्या आणि सुमारे तीन आठवडे शहराचा कचरा शहरातच तुंबला. ही दोन्ही गावे त्याच वर्षी महानगरपालिकेच्या हद्दीत घेण्यात आली व २०२४ मध्ये त्यांची स्वतंत्र नगरपरिषद झाली.

शहरवासीयांपैकी अनेकांना आपला कचरा कोठे जातो हे त्या तीन आठवड्यांत प्रथमच समजले असावे. एरवी सकाळी बादली दाराबाहेर ठेवली की आपले कर्तव्य संपले, अशीच सर्वसाधारण समजूत असते. ज्या गावाने तो कचरा निर्माण केला नाही, ज्याच्या ग्रामपंचायतीला त्या शहराच्या कारभारात मत नव्हते, त्या गावाने तो सोसायचा, हा यातील खरा अन्याय होय. स्वयंपाकघरातील दोन वेगळ्या बादल्यांचा आणि दूरच्या गावातील विहिरीचा संबंध असा थेट आहे.

नियम कसे घडत गेले

१९९६ मध्ये श्रीमती अलमित्रा पटेल यांनी सर्वोच्च न्यायालयात शहरांतील घनकचऱ्याच्या अव्यवस्थेविषयी जनहित याचिका दाखल केली. न्यायालयाने नेमलेल्या समितीच्या अहवालानंतर केंद्र शासनाने पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खाली नागरी घनकचऱ्याविषयीचे नियम २००० साली जारी केले. घरोघरी कचरा गोळा करणे व त्याचे वर्गीकरण यांचा उल्लेख त्यांत होता. परंतु मुख्य भार नगरपालिकांवर होता आणि नागरिकांचे कर्तव्य मोघमच राहिले होते.

८ एप्रिल २०१६ रोजी अधिसूचित झालेल्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी हे चित्र बदलले. ज्याच्या घरी कचरा निर्माण होतो, त्याच्यावरच वर्गीकरणाचे बंधन प्रथमच स्पष्ट शब्दांत घालण्यात आले. कुजणारा, न कुजणारा आणि घरगुती घातक असे तीन वर्ग ठरले. रस्त्यावर, उघड्या जागेत, गटारात किंवा नदीनाल्यात कचरा टाकण्यास, जाळण्यास अथवा पुरण्यास मनाई झाली. स्थानिक संस्थेने ठरविलेले शुल्क देणेही नागरिकांवर बंधनकारक झाले.

त्यानंतर दहा वर्षांच्या अनुभवावरून केंद्र शासनाने घनकचरा व्यवस्थापन नियम, २०२६ जारी केले. १ एप्रिल २०२६ ही त्यांच्या अंमलाची तारीख होय. या नियमांनुसार घरातील कचऱ्याचे चार भाग करावयाचे आहेत : ओला, सुका, स्वच्छताविषयक आणि विशेष काळजीचा. यातील तिसरा भाग नवा वाटला तरी त्याची निकड जुनीच आहे.

चार भाग, आणि त्यांतील अडचणी

ओल्या कचऱ्याविषयी फारसा वाद नाही. भाजीची व फळांची साले, खरकटे, चहाचा चोथा, अंड्याची टरफले, मांसमासळीचे अवशेष आणि फुले यांचा त्यात समावेश होतो. वाद होतो तो नारळाच्या करवंटीवरून. करवंटी कुजते खरी, परंतु तिला फार काळ लागतो आणि कचरा बारीक करणाऱ्या यंत्राची पाती तिच्यामुळे बिघडतात. म्हणून तिचे स्थान स्थानिक संस्थेच्या सूचनेवरून ठरवावे. गृहनिर्माण संस्थांच्या सभांत या एका करवंटीवर जितका वेळ खर्च होतो, तितका अन्य कोणत्याही विषयावर होत नसावा! देवापुढील निर्माल्यही ओल्या कचऱ्याचाच भाग आहे, पण भावनेचा प्रश्न असल्याने अनेक नगरपालिका त्यासाठी स्वतंत्र कलश ठेवतात. नदीत सोडण्यापेक्षा निर्माल्याचे खत होऊन ते झाडाच्या मुळाशी जावे, यात अनादर मानण्याचे कारण नाही. मात्र त्याबरोबरची प्लॅस्टिकची पिशवी व हारातील जरीचा दोरा काढून घेतला पाहिजे.

सुक्या कचऱ्यात कागद, पुठ्ठा, प्लॅस्टिक, काच, धातू, कापड, रबर इत्यादी वस्तू येतात. येथे एक गोष्ट लक्षात ठेवणे अगत्याचे आहे : सुका कचरा खरोखरच सुका असला पाहिजे. दुधाची पिशवी घोटभर पाण्याने विसळून वाळविली तर ती सहज पुनर्वापरात जाते. तशीच टाकली तर दुसऱ्या दिवशी तिला येणाऱ्या वासाने आसपासचा कागदही वाया जातो. पिशवीचा कोपरा पूर्ण कापून टाकू नये. तो इवलासा तुकडा कोणाच्याच हाती लागत नाही आणि थेट गटारात किंवा गुरांच्या पोटात जातो. फुटलेली काच जाड कागदात गुंडाळून ठेवावी. चहाचे कागदी पेले कागदाचे दिसत असले तरी त्यांना आतून प्लॅस्टिकचा मुलामा असतो, म्हणून ते रद्दीत घालू नयेत. वेफर्स व बिस्किटांची बहुपदरी वेष्टनेही सुक्यातच टाकावयाची. मात्र त्यांना भंगारात किंमत नसल्याने ती मागे पडून राहतात. हा दोष ग्राहकाचा नसून वेष्टन बनविणाऱ्या उद्योगाचा आहे, आणि प्लॅस्टिकविषयीच्या स्वतंत्र नियमांनी त्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे.

तिसरा भाग म्हणजे वापरलेले सॅनिटरी नॅपकिन, मुलांची व रुग्णांची डायपर आणि तत्सम वस्तू. या विषयावर बोलण्यास आपल्याकडे संकोच वाटतो. पण ज्या कचरावेचक बाईला या वस्तू उघड्या हातांनी वेगळ्या कराव्या लागतात, तिला संकोच करण्याची सोय नसते. २०१६ च्या नियमांनुसार या वस्तू नीट गुंडाळून सुक्या कचऱ्याच्या बादलीत टाकावयाच्या होत्या. परिणामी कागद-पुठ्ठा निवडताना ही पुडकी हाती येत आणि उघडून पाहिल्याशिवाय आत काय आहे ते कळत नसे. यावर पुण्यातील कचरावेचकांनी एक साधी युक्ती पुढे आणली : वर्तमानपत्रात पुडी बांधावी व तिच्यावर लाल ठिपका काढावा. ठिपका दिसला की पुडी न उघडता बाजूला ठेवता येते. २०२६ च्या नियमांनी या कचऱ्याला स्वतंत्र स्थान दिले असले, तरी ठिपक्याचा उपयोग संपलेला नाही. शाळांतून, विशेषतः मुलींच्या शाळांतून, ही गोष्ट शिक्षिकांनी मोकळेपणाने सांगितली तर ती घरोघरी पोहोचेल. सरकारी पत्रकाने ते काम तितक्या सहजतेने होणार नाही.

चौथ्या भागात रंगाचे डबे, विजेचे दिवे व नळ्या, पाऱ्याचे तापमापक, मुदत संपलेली औषधे, कीटकनाशकांच्या बाटल्या अशा वस्तू येतात. त्या रोजच्या गाडीत टाकावयाच्या नसतात. त्या घरात एखाद्या खोक्यात साठवून अधिकृत संस्थेकडे अथवा नेमलेल्या संकलन केंद्रावर द्यावयाच्या असतात. जुने भ्रमणध्वनी, संगणक आणि विजेऱ्या यांसाठी स्वतंत्र नियम आहेत. घरदुरुस्तीत निघणारा राडारोडाही वेगळाच ठेवावा लागतो. तो चारपैकी कोणत्याही बादलीचा विषय नव्हे.

कचरावेचकांचा हिशेब

शहरातील सुक्या कचऱ्याचा पुनर्वापर कोणत्याही योजनेपूर्वीपासून चालू होता आणि तो करणाऱ्या बहुतांश स्त्रिया होत्या. पुण्यात एस.एन.डी.टी. महिला विद्यापीठाच्या प्रौढशिक्षण कार्यातून या स्त्रियांशी संबंध आला आणि १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या मार्गदर्शनाखाली 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही त्यांची संघटना उभी राहिली. कुंडीत हात घालण्याऐवजी घराघरांतून वेगळा ठेवलेला माल मिळाला तर मालही स्वच्छ मिळेल आणि हातही शाबूत राहतील, हे गणित त्या स्त्रियांना कोणी शिकविण्याची गरज नव्हती. पुणे महानगरपालिकेने पुढे त्यांच्या ओळखपत्रांना मान्यता दिली. संघटनेतून 'स्वच्छ' ही कचरावेचकांचीच सहकारी संस्था निघाली आणि २००८ मध्ये तिने महानगरपालिकेशी करार करून घरोघरी कचरा गोळा करण्याचे काम हाती घेतले. आज तीन हजारांहून अधिक सभासद या कामात आहेत. त्यांना प्रत्येक घराकडून मासिक शुल्क मिळते आणि सुका माल विकून आलेले उत्पन्न त्यांचेच असते.

या रचनेत घरातील बादलीचा प्रत्यक्ष हिशेब दिसतो. स्वच्छ व कोरडा पुठ्ठा आला तर त्या दिवसाचे उत्पन्न वाढते. ओला आला तर वजन वाढूनही भाव पडतो. 'एवढ्याशा कागदाने काय होणार' असे म्हणणाऱ्या गृहस्थाने हा हिशेब कधी समजून घेतल्याचे दिसत नाही. २०१६ च्या नियमांनी कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घेण्याचे कर्तव्य स्थानिक संस्थांवर टाकले, ते याच अनुभवाच्या आधारावर.

गृहनिर्माण संस्था आणि खत

मोठ्या वसाहतींवरील जबाबदारी अधिक आहे. २०२६ च्या नियमांनुसार ज्यांचे बांधीव क्षेत्र २०,००० चौरस मीटर वा अधिक आहे, किंवा ज्यांचा पाण्याचा दैनिक वापर ४०,००० लिटर वा अधिक आहे, किंवा जेथे दिवसाला १०० किलोग्रॅम वा अधिक कचरा निघतो, त्यांची गणना मोठ्या प्रमाणावर कचरा निर्माण करणाऱ्यांत होते. ओल्या कचऱ्यावर शक्यतोवर आपल्याच आवारात प्रक्रिया करणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. केवळ गृहसंकुलेच नव्हेत, तर शासकीय कार्यालये, वसतिगृहे आणि महाविद्यालयेही या व्याख्येत येऊ शकतात, हे अधिकारी वाचकांनी ध्यानात घ्यावे. स्वतःच्या कार्यालयाच्या उपाहारगृहाचा कचरा एकत्र टाकून नागरिकांना उपदेश करणे शोभणारे नाही.

खताविषयी लोकांची भीती असते ती दुर्गंधीची. दुर्गंधी येते ती ढिगात हवा खेळत नाही म्हणून. ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक थरावर वाळलेली पाने, नारळाचा भुसा किंवा लाकडाचा भुसा यांचा थर घालावा, आठवड्यातून एक-दोनदा ढीग खालीवर करावा, ओल पिळलेल्या फडक्याइतकीच राखावी. एवढे पथ्य पाळले तर दीड-दोन महिन्यांत मातीचा वास असणारे काळसर खत तयार होते. पांढऱ्या अळ्या दिसल्या म्हणून घाबरून ढिगावर कीटकनाशक फवारणारे महाभाग आढळतात. त्याने कुजविणारे जीवाणूच मरतात. अळ्या ओल वाढल्याची खूण असतात आणि कोरडा पाला वाढविला की त्या कमी होतात. नगरपालिकांनी वर्गीकृत कचऱ्यापासून केलेल्या खतासाठी राज्य शासनाने 'हरित महासिटी कंपोस्ट' हे नाव दिले आहे.

'आम्ही वेगळा करतो, ते एकत्र करतात'

प्रत्येक सभेत ऐकू येणारी ही तक्रार खोटी नाही. दोन बादल्या वेगळ्या दिल्यावर दोन्ही एकाच गाडीत उलटलेल्या पाहून नागरिकाचा उत्साह मावळला, तर त्याला दोष देता येणार नाही. परंतु वर्गीकृत कचरा वेगळाच वाहून नेणे हे स्थानिक संस्थेचे कर्तव्य आहे. गाडीत कप्पे नसतील तर नियमभंग संस्थेकडून होत आहे. अशी तक्रार तोंडी न ठेवता प्रभागाच्या आरोग्य निरीक्षकाकडे वार, वेळ आणि गाडीचा क्रमांक यांसह लेखी द्यावी. दंड केवळ नागरिकांनीच भरावा अशी कल्पना नियमांत नाही. वर्गीकरण न करता क्षेपणभूमीवर कचरा पाठविणाऱ्या स्थानिक संस्थांना अधिक शुल्क द्यावे लागेल, अशी तरतूद २०२६ च्या नियमांत आहे. एकत्र कचरा टाकणे हे वेगळा करण्यापेक्षा महाग पडले पाहिजे, हा त्यामागील हेतू होय. नागरिकांसाठीचे दंड प्रत्येक संस्थेच्या उपविधींनुसार ठरतात, म्हणून ते गावोगावी वेगळे असतात.

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील वेंगुर्ले नगरपरिषदेने हे काम छोट्या शहरातही साधता येते हे दाखविले. तेथे दारोदारी वेगळा कचरा घेण्याचा आग्रह धरण्यात आला, आणि जेथे पूर्वी कचऱ्याचे ढीग होते ती जागा आज लोक पाहावयास जातात. तेथे यंत्रे होती, पण त्यांच्या आधी होता तो वेगळा न केलेला कचरा परत करण्याचा निश्चय.

ग्रामपंचायतींचा संबंध

हा विषय शहराचा आहे असे समजून पंचायत सदस्यांनी पान उलटू नये. ज्या गावांची लोकवस्ती व व्यवसाय पाहून जनगणनेत त्यांना 'नगर' ठरविले जाते, परंतु ज्यांचा कारभार अद्याप ग्रामपंचायतच पाहते, त्यांनाही २०१६ चे नियम लागू करण्यात आले होते आणि अशा ग्रामपंचायतींची कर्तव्ये त्यांत नमूद होती. मोठ्या शहरांलगतच्या गावांत नव्या इमारती उभ्या राहतात, कचरा शहरासारखा होतो, आणि गावाकडे मात्र एक ट्रॅक्टर व गायरानाचा कोपरा एवढीच साधने असतात. अशा ठिकाणी इमारतींचे रहिवासी येण्यापूर्वीच ओल्या कचऱ्याच्या प्रक्रियेची जागा ठरवून घेणे सोपे जाते. ढीग उभा राहिल्यावर ती जागा कोणी देत नाही.

लग्नसराईच्या दिवसांत उपयोगी पडणारा आणखी एक दंडक येथे सांगितला पाहिजे. शंभराहून अधिक माणसांचा समारंभ परवाना नसलेल्या जागी करावयाचा असल्यास स्थानिक संस्थेला किमान तीन कामकाजाचे दिवस आधी कळवावे आणि समारंभातील कचरा वेगळा करून संस्थेने नेमलेल्याकडे द्यावा, असे २०१६ च्या नियमांनी सांगितले होते. मंगल कार्यालयाचे व्यवस्थापक ही माहिती क्वचितच देतात. कार्याची तारीख धरतानाच ती यजमानाने विचारून घ्यावी आणि पंगतीच्या शेवटी उष्ट्यासाठी एक व पत्रावळी-पेल्यांसाठी दुसरे अशी दोन पिंपे वाढप्यांच्या हाताशी ठेवावीत.